चार मिनिटांच्या गाण्याच्या व्हिडिओत गोष्ट कशी बसवायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय ना ते तुम्हालाही दिसेल. तुम्हा पाच जणांचा पुण्यातला बँड. गाणं तयार आहे, चार मिनिटांचं, मुखडा 'संध्याकाळी कट्ट्यावर ये'. शहर सोडून गेलेल्या मित्राची आठवण. व्हिडिओत गोष्ट हवी आहे आणि तुमच्या डोक्यात आहे ती अशी: पाच मित्र, त्यातल्या एकाचा अपघात, मग मागच्या दिवसांचे फ्लॅशबॅक. अडचणी दोन. एवढं सगळं चार मिनिटांत मावत नाही, आणि जे दाखवायचं ते शब्दांनी आधीच सांगून टाकलंय.

मी पुण्यातच संकलन करते. माहितीपट, जाहिराती आणि दर वर्षी आठ-दहा मराठी गाण्यांचे व्हिडिओ माझ्या टेबलावरून जातात. त्यातले बरेचसे तुमच्या ह्याच अडचणीत सापडलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसरी अडचण आधी घेऊ. ती सुटली की पहिली निम्मी सुटते.

गोष्ट पुढे जाते. गाणं फिरून फिरून त्याच ओळीवर येतं. लिहिणारी मुलं सहसा शॉर्टफिल्म लिहितात आणि ती गाण्याच्या अंगावर घालायला बघतात. मग रफ कटमध्ये, म्हणजे संकलनाच्या पहिल्या कच्च्या जुळणीत, काय होतं, तर पहिल्या अंतऱ्यात गोष्ट छान चढते, मुखडा येतो आणि सगळे जिथल्या तिथे उभे राहून गायला लागतात. गोष्टीचा श्वास तुटतो. पुढच्या अंतऱ्यात ती परत उचलावी लागते, आणि बघणारा तोवर फोनवरच्या दुसऱ्या कशात तरी गेलेला असतो. अशा वेळी दोष मुखड्यावर येतो: 'तो मधे मधे येतो.' पण मुखडा परत येणं हीच तर गाण्याने तुम्हाला फुकट दिलेली कथेची चौकट आहे.

हे मला शिकवलं ते कीर्तनाने. लहानपणी आजी मला सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात घेऊन जायची. नारदीय कीर्तनात बुवा आधी एक अभंग घेतात. पूर्वरंगात त्याचं निरूपण होतं, अर्थ उलगडून सांगतात. मग उत्तररंगात आख्यान लावतात, एखाद्या संताची नाहीतर पुराणातली गोष्ट, आणि ती रंगत रंगत शेवटाला आली की बुवा पुन्हा त्याच अभंगावर येतात. शब्द तेच, चालही तीच. पण तासाभरापूर्वी जी ओळ नुसती कानावरून गेली होती, तिच्यावर आता शेजारच्या आजी डोळ्याला पदर लावायच्या. मला तेव्हा नवल वाटायचं, की ओळ तर हीच होती, मग मघाशी का नाही रडल्या? मधल्या गोष्टीने ती ओळ भरून आणली होती.

गाण्याच्या व्हिडिओत कथेला हेच एक काम आहे. मुखडा दुसऱ्यांदा येईल तेव्हा पहिल्यापेक्षा वेगळा ऐकू यावा, तिसऱ्यांदा आणखी वेगळा. त्यासाठी ओळीतला एक शब्दही बदलावा लागत नाही. ती कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कधी म्हणतंय, ह्यातलं एक बदललं तरी पुरतं.

आपल्याच गावात झालेलं एक उदाहरण देते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. आज लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तोच तो स्टुडिओ. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा 'संत तुकाराम' हा ह्या पुण्यातल्या प्रभातचाच. त्याच्या सुरुवातीला तुकाराम एक अभंग म्हणतो, डोळे मिटून, विठ्ठलात हरवून. थोड्याच वेळात तोच अभंग त्याचा हेवा करणारा सालोमालो म्हणतो, भक्तांच्या गर्दीसमोर, गळ्याची करामत दाखवत, आणि वर म्हणतो की हा माझाच, तुक्याने चोरला. कोण खरा आणि कोण ढोंगी, हे संवादाने सांगण्याआधीच आपल्याला कळून चुकतं, कारण तेच शब्द आपण आत्ताच दुसऱ्या तोंडून ऐकलेले असतात. गाणं आणि गोष्ट एकमेकांत कशी विणायची ते इतक्या साध्या पद्धतीने दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. जमलं तर पाचही जण एकत्र बसून तेवढा भाग बघा.

पॉप व्हिडिओतलंच हवं असेल तर १९९५ चा 'मेड इन इंडिया' घ्या, केन घोष यांनी केलेला. अलीशा चिनॉय राजकन्या, तिच्यासमोर एकेक उमेदवार येतो आणि नापसंत होऊन जातो. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी. पण मुखडा तिथे त्या राजकन्येची अट बनून येतो, त्यामुळे दर वेळी आपल्याला वाटतं, आता कोण येणार? शेवटी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो तेव्हा ती अट पुरी होते.

आता माझ्याकडचं एक काम सांगते, कारण त्यात मी स्वतः चुकले होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक गाणं आलं. बाईच्या आवाजातलं, संथ, मुखड्याचा भाव असा की दार उघडंच आहे, कधीही ये. दिग्दर्शक तरुण, हुशार. त्याने तीन काळ लिहिले होते: वाड्यातली नवी नवरी, तीच बाई मुलाला परदेशी धाडताना, आणि तीच म्हातारपणी. तीन वेगळ्या अभिनेत्री, तीन काळांचे कपडे, आणि आठवणीतला काळ पिवळट रंगात. चित्रीकरण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, जो पुढच्याच आठवड्यात पुनर्विकासासाठी रिकामा होणार होता. पहिला रफ कट मी लावला तो पाच मिनिटं वीस सेकंदांचा झाला, गाणं चार मिनिटं पाच सेकंदांचं. कापत कापत आणला बरोबर तेवढ्यावर. मग आमच्या इमारतीतल्या काकूंना बोलावून आवाज बंद करून दाखवला. त्या मन लावून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "ही त्याची आई की बायको?" जरा वेळाने, "आणि ही कोण? सून का?" शेवटी, "छान आहे गं, साड्या छान आहेत."

त्या रात्री मी सगळं फुटेज परत पहिल्यापासून बघितलं. वाडा रिकामा होत असतानाचंही थोडं घेऊन ठेवलं होतं, 'लागलं तर असू दे' म्हणून. तिथे खऱ्या राहणाऱ्या आजी होत्या. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेले देव. टेंपोत भांडी जात होती. त्यांच्या खोलीचं दार जुनं, दोन फळ्यांचं, बिजागरीऐवजी दगडातल्या खोबणीत फिरणारं. ते दार त्यांना बरोबर न्यायचं होतं. सुतारांनी पहारीने एकेक फळी वर उचलून काढली. आणि एका शॉटमध्ये, कॅमेरा बहुधा चुकून चालू राहिलेला, आजी शेवटचं बाहेर पडताना सवयीने मागे वळून हात वर करतात. कडी लावायला. दार नाहीच. हात तिथेच थांबतो आणि मग खाली येतो. सव्वा सेकंद. फोकस किंचित हललेला होता म्हणून पहिल्या निवडीत मी तो शॉट बाद केला होता. एवढ्या वर्षांच्या कामानंतर मी फोकस बघितला आणि हात बघितला नाही, हे मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला बोलावलं आणि तीन काळ काढून टाकू म्हटलं. त्याला वाईट वाटलं, साहजिकच होतं, निम्मा खर्च त्यावर झाला होता. पण कट बघून तो स्वतःच म्हणाला, ठेवू हेच. आजींना आणि त्यांच्या मुलाला दाखवून त्यांची परवानगी घेतली, ते त्याआधी. आता सगळी गोष्ट एकाच दिवसाची झाली. पहिला मुखडा: दार सताड उघडं, शेजारची पोरं, बायका आत-बाहेर करतायत, कुणी डबे उचलतंय, कुणी चहा आणतंय. इथे ओळीचा अर्थ सरळ आहे, ह्या घरी कधीही यावं. दुसरा मुखडा: मुलाचा व्हिडिओ कॉल. आजी फोन उलटा धरून त्याला दार दाखवतात, आता ओळ त्याच्यासाठी आहे आणि तो येणार नाहीये हे दोघांना माहीत आहे. मग अंतरा, मग ती शेवटची ओळ जी मुखड्याला हात देते, जिला रेकॉर्डिंगवाले क्रॉसलाइन म्हणतात. ती संपते आणि मुखडा सुरू होतो त्या बारीकशा फटीत आजींचा हात. आणि मुखडा लागतो रिकाम्या चौकटीवर. दार उघडंच आहे. गीतकाराने एक अक्षर बदललेलं नाही, गायिकेने सूर बदललेला नाही.

काकूंना परत बोलावलं. ह्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

आता तुमची पहिली अडचण, चार मिनिटांची. मी हिशोब आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत, करते, तुम्ही वादक आहात त्यामुळे तुम्हाला तो सोपाच जाईल. समजा गाणं कहरव्यात आहे, आठ मात्रांचा, आणि लय मिनिटाला १०० मात्रांची. एक आवर्तन ४.८ सेकंदांचं. चार मिनिटांत अशी ५० आवर्तनं. त्यातली साधारण चार सुरुवातीच्या वाद्यांत जातील, मुखडे मिळून अठरा, दोन अंतरे सोळा, मधले दोन म्युझिक पीस आठ, शेवटाला चार. शब्द नाहीत अशा जागा उरल्या सोळा आवर्तनं, म्हणजे सुमारे सव्वा मिनिट. जी घटना डोळ्यांनी समजून घ्यायची आहे, कुणी काहीतरी ठरवतंय, कुणाला काहीतरी कळतंय, ती ह्या सव्वा मिनिटात ठेवा. शब्द चालू असताना बघणारा निम्मा कानांनी बघत असतो. तिथे माणसं, जागा, हालचाल दाखवावी, नवी माहिती शक्यतो देऊ नये. अपघात, हॉस्पिटल, फ्लॅशबॅक, पुन्हा आज, एवढं सव्वा मिनिटात बसणार नाही हे हिशोब मांडल्यावर तुमचं तुम्हालाच दिसेल.

'पण मायकल जॅक्सनने केलंच ना,' असं कुणीतरी म्हणतंच. 'थ्रिलर' जॉन लँडिस यांनी १९८३ मध्ये केला, तो जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे आणि गाणं सहाएक मिनिटांचं. आणि त्यांनी गाणं जसंच्या तसं वापरलंच नाही. अंतरे एकामागून एक सलग घेतले, रस्त्याने चालताना, आणि मुखडा मागे ठेवला, नाच सुरू होईपर्यंत. म्हणजे गोष्टीसाठी गाण्याची मांडणीच बदलली. गाणं तुमचं स्वतःचं आहे, तेव्हा ही मोकळीक तुम्हालाही आहे. मिक्सिंग पक्कं व्हायच्या आधी ठरवलंत तर म्युझिक पीस दोन आवर्तनं वाढवून घेता येतो. एक आवर्तन मोकळं मिळालं तरी टेबलावर मला जग मिळाल्यासारखं होतं. संवादासाठी गाणं मधेच थांबवण्याच्या मात्र मी विरोधात आहे, निदान पहिल्या व्हिडिओत. थांबलेलं गाणं परत सुरू करणं फार अवघड असतं.

शब्दांनी सांगितलेलं चित्राने परत सांगू नका, हे तुम्हाला कळलेलंच आहे, तुमच्या प्रश्नातच ते आहे. एवढंच जोडते की उलटंही करू नका. ओळीत पाऊस आहे म्हणून मुद्दाम ऊन दाखवलं, असं करणाऱ्यांनाही मी पाहिलंय. त्यात गोष्टीपेक्षा हुशारी जास्त दिसते.

तुमच्या गाण्याबद्दल मला काय वाटतं ते सांगते, पटलं तर घ्या. अपघात काढा. मित्र शहर सोडून गेलाय, एवढं दुःख पुरेसं आहे, पुण्यातल्या प्रत्येक कट्ट्याने ते सोसलंय. मेलेल्या मित्राला 'कट्ट्यावर ये' म्हटलं की बघणारा पहिल्याच वेळी रडतो आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या मुखड्याला करायला काही उरत नाही. आणि दर मुखड्याला एकेक माणूस कमी होत शेवटी एकटाच उरतो, हे तुमच्या मनात येईलच, सगळ्यांच्या येतं. तेही नको. पहिल्यांदा ओळ पाचही जण एकमेकांना फोनवर म्हणतायत असं दिसू दे, रोजच्यासारखं, घाईत, कुणी बस पकडताना, कुणी गाडीला किक मारताना. दुसऱ्यांदा ती चौघे मिळून त्या गेलेल्याला पाठवतायत, तो दुसऱ्या शहरात ऑफिसच्या टेबलावर फोन पालथा ठेवतो. तिसऱ्यांदा ती ओळ तोच म्हणतो. तिकडे. कुठल्यातरी अनोळखी टपरीच्या बाकावर, ऑफिसातल्या दोन नव्या पोरांना. त्याने तिथे कट्टा जमवलाय. हे बघून तुमच्यातल्या चौघांना आनंद होईल की वाईट वाटेल? मला दोन्ही वाटेल, एकदम. ओळीला तेच हवंय.

ह्यात फ्लॅशबॅक एकही नाही. शूटिंग दोन दिवसांचं, त्यातला एक दिवस तर तुमच्या रोजच्याच कट्ट्यावर. 'तिकडचं' शहर पुण्यातच बाणेर-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत उभं करता येईल.

बँडने दिसावं का? दिसावं, तुमचं गाणं आहे. पण वाजवतानाचे शॉट गोष्टीच्याच जागेत घ्या, वेगळ्या काळ्या पडद्यासमोर नको. कट्ट्यावर गिटार असतेच. लिपसिंक, म्हणजे गाण्यावर ओठ जुळवणं, हवाच असेल तर पहिल्या मुखड्यात द्या आणि मग सोडा, नाहीतर तिसऱ्या मुखड्यात तुमच्या त्या मित्राने म्हटलेली ओळ इतर चेहऱ्यांच्या गर्दीत हरवेल. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, त्यावर गा आणि सेकंदाला ५० फ्रेमने शूट करा. २५ ने चालवलं की ओठ गाण्याबरोबर येतात आणि केस, धूर, चालणं संथ होतं. सरावाला तासभर ठेवा, दुप्पट वेगात गाणं वाटतं तितकं सोपं नाही.

कटबद्दल थोडकंच. प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पकडून कट मारू नका, दोन मिनिटांत डोळा कंटाळतो. मी बऱ्याचदा ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी कापते, म्हणजे ठोका पडेपर्यंत डोळ्याने नवं चित्र पकडलेलं असतं. २५ फ्रेमच्या हिशोबात १०० ची लय असेल तर मात्रेला बरोबर १५ फ्रेम पडतात, सुख आहे. १२० ला साडेबारा होतात, तेव्हा एकदा मोजून पुढे सगळं चिकटवत जाऊ नका, दर आवर्तनाला कानाने परत जुळवा.

आणि शेवट. गोष्ट गाण्याच्या आधी संपवा, निदान दोन आवर्तनं आधी. शेवटच्या सुरावर शेवटची घटना आणून ठेवली की ती नीट पोचायच्या आतच पुढचा व्हिडिओ सुरू होतो. वाड्याच्या गाण्यात टेंपो गल्लीच्या वळणावर जातो तेव्हा अजून अकरा सेकंदांचं संगीत शिल्लक आहे. तेवढा वेळ नुसती चौकट, आतून येणारा उजेड. मग संगीतही थांबतं आणि चार सेकंद शनिवार पेठेचा खरा आवाज आहे. एक रिक्षा, कुणाची तरी शिट्टी, लांब कुठेतरी कुकर. तो आवाज मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन फोनवर घेतला. चार दिवसांनी तिथे पत्रे लागले.